शिगेचं माप

उकळलेलं पाणी वाटीत वाफाळत होतं. तात्याबानं डब्यातलं माप पावडरीत खुपसलं, वर चांगली शीग चढवली आणि दाराकडं बघत वाटीत ओतलं. दुसरं उचलणार, तेवढ्यात सत्यभामानं त्याचं मनगट धरलं.

"आवं, काय करायलाव?"

"नातीचं दूध."

"डॉक्टरनं माप सपाट सांगितलंय. ही शीग कावून?"

"त्या मापानं दूध किती पातळ होतंय, बघ की! उभ्या जन्मात म्हशीच्या दुधात थेंब पानी घातलं न्हाई मी. अन् सख्ख्या नातीला पानचट पाजू?"

खोटं नव्हतं. सिरसाळ्याच्या बाजारात तात्याबाच्या दुधात कुणी बोट बुडवून बघत नसे.

सत्यभामानं पाळण्यात हात घातला. सून धनश्री बाळंतपणानंतर अंबाजोगाईला दवाखान्यात. औषधं जबर, अंगावर पाजायचं नाही, म्हणून हा डबा. परवा ती घरी येणार होती. आणि पोर कालपासून लालभडक होऊन कुंथत होती. पोट टणक.

"म्हंजी रोज तुमीच शीग लावायलाव!"

तिनं दवाखान्यात धनश्रीजवळ असलेल्या लेकाला, हरिओमला फोन लावला. त्यानं तो डॉक्टरांकडं दिला. डॉक्टरांनी सांगितलं: सपाट माप, पाणी पुरेपूर; पोर प्यायची थांबली किंवा सुस्तावली तर तडक घेऊन या.

फोन ठेवून ती नवऱ्याकडं वळली.

"माझ्या मावशीच्या गावात एकानं कोकराला असंच घट्ट दूध पाजलं. ते इतकं घट्ट झालं, की चार गड्यांना उचलंना. लोटत लोटत ओढ्याला नेलं. आता बाया त्याच्यावर धुणं आपटत्यात."

"अन् ते बें बें करतंय?"

"करतंय की! साबण तोंडात गेला की."

तात्याबा खो खो हसला. हसता हसता त्याचा हात पोरीच्या पोटावर गेला आणि तिथंच राहिला.

मग त्यानं वाटी ओतून दिली. नवं पाणी घेतलं. माप भरून उकळलेल्या सुरीच्या पाठीनं शीग उतरवली. दूध निवल्यावर मनगटावर थेंब टाकला, पाजलं. उरलेलं पुन्हा पाजायचं नाही, फेकवेना. स्वतःच पिऊन टाकलं.

"गोड हाय," तो पुटपुटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर जीप वाजली, त्याच घटकेला पोरीनं आजोबाचं पांढरंशुभ्र धोतर भरून टाकलं.

"झाली! अगं, झाली!" तात्याबा पोरीला उंच धरून अंगणात धावला. दूध न्यायला आलेली गिऱ्हाइकं चरव्या घेऊन उभी होती. ती दचकून मागं सरली.

जीपमधून उतरलेली धनश्री ते धोतर बघून आधी हसली, मग रडली. पोरीला छातीशी धरून तिनं विचारलं,

"मामा, हिचं दूध कोण करतंय?"

गिऱ्हाइकं ऐकतच होती. तात्याबानं मुंडासं सारखं केलं.

"मीच," तो मोठ्यानं म्हणाला. "पानी घालून."