रानात शिरण्याआधी

रानावर गावाचा हक्क आहे, असं सरकारने एकदाचं लेखी मान्य केलं. त्याच्या दुसऱ्याच सकाळी सासूबाई सुनेला घेऊन मध काढायला निघाल्या. जन्मभर आडवाटेने चोरून गेलेली बाई आज भर रस्त्याने ताठ मानेने चालत होती. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून हा हक्क त्यांनीच तर पदरात पाडून घेतला होता.

तेवढ्यात मागून वनरक्षकाची मोटारसायकल फटफटत आली, आणि दोघी धूम ठोकून झुडपामागे जाऊन बसल्या!

सुनेला हसू आवरेना. "आई, आपण लपलो कशाला?"

"मेली सवय!" सासूबाई स्वतःवरच उखडल्या. केसांतला पाला झटकून त्या तरातरा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. रक्षकाने करकचून ब्रेक दाबला. ह्याच माणसाने आजवर त्यांचे कितीतरी कोयते जप्त केले होते.

"कुठे निघालास?"

"गस्तीला, मावशी."

"आणि विचारायचं कुणी?"

रक्षक गडबडला. मग त्याने हेल्मेट काढलं. "येऊ का आत?"

आता आई सगळ्या वर्षांचं उट्टं काढणार, असं सुनेला वाटलं. पण सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"ये की. फक्त गाडी इथेच ठेव आणि हळू बोल. पलीकडे पाखरं अंड्यांवर बसलीत."