तीन नव्व्या

तिसरं इस्पिक उलटलं आणि चष्मेवाल्याने मनातल्या मनात नशिबाला एक कचकचीत शिवी हासडली.

त्याच्या हातात दोन नव्व्या होत्या आणि तिसरी टेबलावर. महिन्याभरात असा हात आला नव्हता. आला तोही असा, की टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या चार पानांत तीन इस्पिकची. समोरच्याच्या हातात आणखी दोन इस्पिकं निघाली, तर तीन नव्व्यांची माती.

पूर्वी शनिवारी दुपारी केमिस्टच्या गोदामात सहाजण पोकरला बसत. एक वारला, एक मुलाकडे राहायला गेला. उरले चौघे: केमिस्ट, फेरीबोटीवरून निवृत्त झालेले कप्तान, चष्मेवाला आणि त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. सहाजणांत वाट बघणाऱ्याचं फावतं. चौघांत कोणीही कशावरही पैसे लावतो, आणि वाट बघणारा बसल्या जागी झिजतो. चष्मेवाला तर जन्माचा वाट बघणारा. मागच्या तीन शनिवारी त्याने अशाच धोक्याच्या पानांवर चांगले हात टाकून दिले होते. तिन्ही वेळा मेहुण्याने आपली फालतू पानं उलटी करून दाखवली होती आणि वर बहिणीला घरी जाऊन रंगवून सांगितलं होतं.

आज मात्र त्याने पहिल्यापासून जोर लावला. केमिस्ट आणि मेहुणा दोघांनी पानं टाकली. कप्तान तेवढे राहिले. आणि हे तिसरं इस्पिक पडताच त्यांनी पानं नाकाशी धरून पुन्हा एकदा पाहिली आणि समोरच्या सगळ्या पैशांच्या चकत्या मध्ये ढकलल्या.

केमिस्टचा फोन वाजला, तो बाहेर गेला. मेहुणा म्हणाला, "दाजी, सोडा. तुमच्याच्याने नाही व्हायचं."

कप्तान उगाच पैसे लावणारे नव्हते, हे चष्मेवाला जाणून होता. पण किती वेळा सोडायचं? त्याने आपल्याही चकत्या पुढे सारल्या. शेवटचं पान निघालं, बदामचा राजा. इस्पिक नाही, कुणाच्या कामाचं नाही.

"पाची इस्पिकं," कप्तान म्हणाले आणि त्यांनी दोन पानं मांडली.

एक्का इस्पिकचाच होता. दुसरी होती किलवरची तिर्री.

म्हणजे इस्पिकं चारच, पाच नव्हेत. हात चष्मेवाल्याचा होता. चढत्या धोक्यात न डगमगता खेळलेला, अगदी बरोबर खेळलेला. त्याने पानं उलटायला हात उचलला आणि कप्तानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते शांतपणे चकत्या ओढायला लागले होते.

दोन महिन्यांपूर्वी हाच माणूस त्याच्या चष्म्याच्या दुकानात बसला होता. काचा बदलून बदलून चष्मेवाला थकला, पण कुठल्याच काचेने अक्षरं जुळेनात. डोळ्याचा पडदाच विरत चालला होता. मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तेव्हा कप्तान म्हणाले होते, "लेकीला कळलं तर ती घराला कुलूप लावून मला उचलून नेईल. हे तुमच्या-माझ्यात राहू द्या."

मेहुणा पानं नीट बघायला पुढे वाकला. चष्मेवाल्याने आपली दोन पानं पालथीच कप्तानांच्या पानांवर टाकली आणि सगळा ढीग गड्डीत कालवून टाकला.

"तुमचाच हात," तो म्हणाला.

"दाजी, होतं काय तुमच्याकडे?"

"काही नव्हतं."

मेहुणा पोट धरून हसला. आयुष्यात पहिल्यांदा दाजींनी थाप मारली आणि तीही कुणावर, तर कप्तानांवर. ही गोष्ट आता घरी वर्षभर पुरणार होती. चष्मेवाल्याचे कान तापले. तीन शब्द बोलला असता तर हसणारा गप्प झाला असता. ते तीन शब्द त्याने पाण्याच्या घोटाबरोबर गिळले, आणि ते काही केल्या खाली उतरेनात.

पाच वाजता सगळे उठले. केमिस्ट शटर ओढायला थांबला, मेहुणा शिट्टी वाजवत पुढे गेला. गोदामाच्या जिन्याला कठडा नव्हता. चष्मेवाला न सांगता एक पायरी पुढे झाला, तसा कप्तानांचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"राग नका मानू," कप्तान म्हणाले, "पण अशा पानांवर असं दामटायचं नसतं. घोडं दामटायचं, तर खाली घोडं तरी असावं लागतं. हातात काही नसताना कसला एवढा जोर?"

"हो," चष्मेवाला म्हणाला.

"धीर धरायला शिका. वाट बघणाऱ्यालाच चांगली पानं येतात."

चष्मेवाल्याने दात आवळले. मधली एक पायरी कोपऱ्याला फुटलेली होती. ते सांगायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्या पायरीवर त्याने पाय जरा जोरात आपटला आणि थांबला. कप्तान बोलतच होते. खांद्यावरचं वजन हळूच वाढलं, मागे कप्तानांचा पाय पायरी चाचपून नीट टेकला, मगच चष्मेवाला पुढची पायरी उतरला.