न धुतलेला मफलर

शेगडीच्या बर्नरखाली हात घालून तिने मफलरचं टोक तिथल्या चिकट काळ्या थरावर घासलं, बाहेर काढून नाकाला लावलं आणि पुन्हा आत घातलं. लोकरीला अजून साबणाचाच वास येत होता.

"सूनबाई, काय चाललंय?" पलंगावरून सासूबाईंनी विचारलं.

"शेगडी पुसतेय, आई."

"त्याच्या मफलरने?"

सासूबाईंचे कान गेले होते. त्याची भरपाई डोळ्यांनी व्याजासकट केली होती; ओठही त्या वाचायच्या. तिने पाठ फिरवली आणि घासत राहिली. मंडळी यायची वेळ होत आली होती. नवरा बिस्किटं आणायला गेला होता. शेजारून मागून आणलेल्या खुर्च्या भिंतीला लागून उभ्या होत्या, कपबश्या ओट्यावर मांडून झाल्या होत्या. सगळं जागच्या जागी होतं. फक्त घाण कमी पडत होती.

घाण घालवणं हा तिचा धंदा. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. रक्ताला थंड पाणी, तेलकट मलमाला गरम, तापाच्या घामाला उकळी, हे तिला न विचारता तिच्या हातांना कळायचं. घालवलेली घाण परत कशी आणायची, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं, कारण आजवर कुणी ती परत मागितलीच नव्हती.

झालं होतं ते असं. फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी नवरा तापाने फणफणला. गळ्यात संघाचा हिरवा-पांढरा मफलर तसाच. दुपारी घाम फुटून ताप उतरला, तेव्हा तिने चादर, अभ्रा, बनियन आणि मफलर असा सगळा ओला गोळा उचलला आणि उकळत्या पाण्यात टाकला. हात थांबले तोवर उशीर झाला होता. हंगामातल्या पहिल्या विजयापासून पुढचा हंगाम लागेपर्यंत मफलरला पाणी लागता कामा नये, हा संघाच्या चाहत्यांच्या मंडळाचा नियम; लग्नातली वचनं त्या मानाने ढिली. तिने मफलर इस्त्रीने वाळवला, खुंटीला टांगला आणि गाढ झोपलीसुद्धा. संघ जिंकणार हे सगळं गाव धरून चाललं होतं, आणि जिंकलेल्या माणसाचा मफलर कोण हुंगतं?

संघ हरला. अगदी शेवटी, आपल्याच बचावपटूच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला.

परक्या माणसाला वाटेल, दोष त्या पायाचा. पण संघाला दोष द्यायचा नाही, हा मंडळाचा पहिला नियम होता. निष्ठा म्हणतात ती हीच. संघ चुकत नाही. म्हणजे चूक बघणाऱ्यांत कुणाची तरी असली पाहिजे. हार कुणाच्या तरी नावावर पडेपर्यंत मंडळाला जेवण गोड लागत नसे. गेल्या वर्षी ती पेंटरच्या नावावर पडली. शेवटची बस गाठायला तो शिट्टी वाजायच्या आत उठला होता. त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नाही, हे मंडळ छाती काढून सांगे. फक्त त्याला काम मिळेनासं झालं. मग त्याच्या शटरवर कुणीतरी डांबर ओतलं. मग एका सकाळी कुलपात कुणीतरी सिमेंट भरलं. तिच्या नवऱ्याचं दुकान कुलपं-किल्ल्यांचं. पेंटर तिथेच आला, "एवढं उघडून दे" म्हणाला. नवरा म्हणाला, आज जमायचं नाही. दुसऱ्या दिवशीही त्याला जमलं नाही. पेंटरचं घर आता रिकामं होतं. त्याच्या बायकोने लावलेली झाडं गॅलरीत उभ्या उभ्या वाळली होती आणि कामावर जाता-येता तिला दिसायची.

जिन्यात पावलं वाजली. तिने मफलर खुंटीला अडकवला, घाईघाईने हात धुतले, आणि मग धुतलेल्या हातांचीच तिला भीती वाटली.

सगळ्यांत पुढे अण्णा. मालट्रकांच्या वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले, समोरच्याच इमारतीत राहणारे. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक तो माल. जन्मभर हेच केल्यामुळे ते माणसाकडेही आत शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा बघायचे. त्यांच्यामागे शिंपी, मग बेकरीवाला, आणि शेवटी बिस्किटांचा पुडा घेऊन तिचा नवरा, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा.

"वहिनी, बेकरीवाल्याला बिनसाखरेचा चहा द्या," शिंपी म्हणाला. "त्याने साखर विकायची, खायची नाही."

"आणि तू?" बेकरीवाला म्हणाला. "लोकांना नवे कपडे आणि तुझ्या शर्टाला बटण नाही."

सगळे हसले. हसू संपल्यावर कुठे बघावं ते कुणाला कळेना.

"त्या गाढवाने पाय जर आवरला असता..." शिंपी पुटपुटला.

"खेळाडूचं नाव घ्यायचं नाही," अण्णा म्हणाले.

"नाव कुठे घेतलं? गाढव म्हटलं."

"गाढव असेल. आपलं आहे."

शिंप्याने मान खाली घातली. मग चौकशी सुरू झाली. कोण कुठल्या दाराने मैदानात शिरला, कोण कुणाच्या डाव्या हाताला बसला, आघाडीवर असताना "जिंकलो रे" असं आगाऊ कोण म्हणालं. अण्णा आवाज चढवत नव्हते. इस्पितळात मोठे डॉक्टर चादर बाजूला करायच्या आधी असंच हळू बोलतात, हे तिला ठाऊक होतं.

"मफलर," अण्णा म्हणाले.

ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली. पुढे जावं की मागे, ते पायांना ठरवता येईना. मफलर एकेक करून टेबलावर आले. अण्णांनी बेकरीवाल्याचा उचलून हुंगला.

"पीठ, घाम. ठीक."

शिंप्याचा हुंगला. "तंबाखू? सोडली होतीस ना?"

"अण्णा, मंडळातली गोष्ट मंडळात ठेवा. बायको माझीच कात्री चालवेल माझ्यावर."

तिसरा मफलर अण्णांनी आधी तळहातावर तोलला, मग नाकाशी नेला. त्यांनी डोळे मिटले. तिने ट्रे पोटाशी घट्ट धरला.

"या टोकाला शेगडीचा वास आहे."

"खुंटी ओट्याशेजारीच आहे," नवरा म्हणाला.

अण्णांनी मफलर हातातून सरकवत दुसरं टोक धरलं. "आणि या टोकाला कुलपात सोडायचं तेल. चांगलं मुरलेलं."

"कामाचे हात असतात, अण्णा. पुसले जातात."

तिने नवऱ्याकडे बघितलं. शेगडी तिची होती. तेल तिचं नव्हतं. त्या तेलाचा डाग निघत नाही म्हणून दुकानातले हात दुकानातच धुऊन यायचे, असा तिचा हुकूम होता, आणि तो त्याने कधी मोडला नव्हता. नवरा अण्णांकडे बघत नव्हता, तिच्या तोंडाकडेही नाही. तो ट्रेकडे बघत होता, पडलाच तर झेलायला हवा तसा.

"चालेल," अण्णा म्हणाले आणि मफलर खाली ठेवला.

तिने पुढे होऊन चहा टेबलावर ठेवला. बेकरीवाल्याचा बिनसाखरेचा कप तिने आठवणीने वेगळा ठेवला होता. तो त्याच्यापुढे सरकवताना तिला जाणवलं की खोलीतलं कुणीच अजून सैल झालेलं नाही. वजन कमी झालं नव्हतं. फक्त तिच्या पारड्यातून निघालं होतं. आता ते कुठेतरी पडायला हवं होतं.

"त्यांनी बरोबरी केली तेव्हा तू कुठे होतास रे?" शिंप्याने विचारलं.

बेकरीवाला आधी हसला. "कुठे म्हणजे?"

"जागेवर नव्हतास. मी मागे वळलो तर खुर्ची रिकामी."

"लघवीला गेलो होतो. अण्णा, मला साखर आहे, माहीत आहे तुम्हाला. सगळा दुसरा हाफ धरून बसलो होतो हो. होईचना."

"आपण पुढे होतो," अण्णा म्हणाले.

"हो, पण..."

"पुढे असताना उठायचं नाही."

बेकरीवाल्याने एकेकाकडे बघितलं. त्याच्या भुवईवर पिठाचा पांढरा कण राहिला होता आणि त्यामुळे तो उगाचच म्हातारा दिसत होता. "कुलूपराव, तू माझ्या शेजारी होतास. तुला विचारून गेलो ना मी? जा म्हणालास. सांग की."

नवऱ्याने टेबलावरचा मफलर जवळ ओढला. तेलाचं टोक त्याने मुठीत धरलं.

"उठला होता," तो म्हणाला. "एवढं खरं."

अण्णांनी निकाल दिला नाही. निकाल ते कधीच देत नसत. त्यांनी फक्त शिंप्याचा मफलर शिंप्याला दिला, स्वतःचा गळ्यात घेतला. बेकरीवाल्याचा टेबलावर तसाच राहिला. बेकरीवाला थोडा वेळ वाट बघत बसला, हात मांडीवर ठेवून, जसं इस्पितळाच्या बाकावर माणसं बसतात. मग उठला.

"चहा छान होता, वहिनी," तो म्हणाला. कपाला त्याने हात लावला नव्हता.

बाकीचेही पांगले. अण्णा सगळ्यांत शेवटी निघाले. उंबऱ्यात वळून त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं, आत येताना बघितलं होतं तसंच, आणि जिना उतरले.

नवऱ्याने खुर्च्या एकात एक घातल्या. बराच वेळ त्याच एका कामात घातला.

"उद्यापासून पाव कुठून आणायचा?" त्याने विचारलं.

"तेल कधी लावलंत?"

त्याचे हात थांबले. "हरल्यावर. दुकानात जाऊन." मग खुर्चीलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "सामन्याच्या सकाळीच कळलं होतं मला. मान खाजली नाही."

"मग घातलात कशाला?"

"न घालता गेलो असतो तर?"

ती बिनसाखरेचा चहा मोरीत ओतायला गेली.

"बेकरीवाला चहा न पिता गेला," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. इतका वेळ त्यांनी नुसतंच बघितलं होतं. "पेंटरही असाच गेला होता."

झोपायच्या आधी नवऱ्याने दाराची कडी लावली, खालचा खटका लावला, आणि पुन्हा उठून कडी चाचपून आला. कुलपांचा माणूस, कुठलंही कुलूप किती वेळात उघडतं ते त्याला ठाऊक होतं.

सकाळी उजाडता उजाडता ती मोरीत बसली. मफलर पाण्यात टाकला, एका टोकाला साबण लावला, मग दुसऱ्या टोकाला. शेगडीचा काळा थर दोन पिळांत गेला. तेलाचा डाग जाणार नव्हताच. तरी तिने घासला. हे काम तिच्या हातांना येत होतं, पण आज पिळताना हातांना जोर लागत नव्हता, कुणी दुसऱ्याचे हात उसने आणल्यासारखे.

कपडे वाळत घालायला मागच्या बाजूला दोरी होती. पण ती मफलर घेऊन रस्त्याकडच्या गॅलरीत गेली; तिथेही पडद्याची एक जुनी दोरी होती.

समोरच्या खिडकीत अण्णा उभे होते. ते सकाळी तिथेच चहा प्यायचे. खाली दूधवाला सायकल लावत होता, शाळेची रिक्षा उभी होती, कोपऱ्यावर शिंपी दुकानाचं शटर वर ढकलत होता. तिने मफलर झटकला. पाण्याचे थेंब कठड्यावर उडाले. एक टोक तिने दोरीवर टाकून चिमटा लावला. दुसरं वाऱ्याने हातातून सुटून खाली लोंबलं. ते उचलायला गेली तर हातातला चिमटा निसटला आणि खाली रस्त्यावर पडला. दूधवाल्याने वर बघितलं. मग शिंप्याने.

मागे दार वाजलं. नवरा उंबऱ्यात उभा होता. त्याने मफलर बघितला, समोरची खिडकी बघितली आणि आत निघून गेला. तिला कपाट उघडल्याचा आवाज आला, मग डबा पडल्याचा. लोंबणारं टोक हातात धरून ती तशीच उभी राहिली. आता सोडावं की धरावं, ते तिला कळेना. मफलरमधून पाणी गळत होतं, तिच्या कोपरावरून, कठड्यावरून, खाली.

नवरा परत आला. एका हातात चिमटा होता. त्याने तिच्या हातातून टोक घेतलं, दोरीवर ताणून नीट बसवलं आणि चिमटा लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला.

समोर अण्णांनी कप खाली ठेवला होता.

नवऱ्याच्या दुसऱ्या हातात बेकरीवाल्याचा मफलर होता, घडी घातलेला. तिकडे न बघता तो म्हणाला, "पिशवी दे. पाव घेऊन येतो."