टपावरून जाणारा

ये, बस शेगडीजवळ. कॉफी कडू आहे, पण गरम आहे. एक गोष्ट सांगतो तुला, अशाच बर्फातली. मला थापा मारता येत नाहीत असं नाही, पण ही थाप नाही. ऐक.

त्या वर्षी नॉर्वेच्या पार उत्तरेला, आमच्या ट्रॉम्सोत बर्फ पडला तो असा, की माणसं दार सोडून खिडकीतनं ये-जा करायला लागली. मी तेव्हा रस्त्यावरचा बर्फ सारायचा ट्रक चालवायचो. त्या दिवशी माझा ट्रकच रुतला. बर्फ काढणाऱ्याला बर्फातनं कोण काढणार? आलो घरी चालत.

जानेवारी होता. इतक्या उत्तरेला त्या दिवसांत सूर्य उगवायचा प्रश्नच नाही. दुपारी जेवायच्या वेळेला तेवढा निळसर उजेड येतो, पाण्यात शाई सांडावी तसा, आणि जरा वेळात तोही जातो. त्यात वीज गेलेली, फोन बंद. मी माशाच्या वड्या गरम करत होतो, तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. माझी धाकटी बहीण, यूरुन. पायात स्की, तोंड पांढरंफटक.

"दादा, हाल्वार आला नाही घरी."

"कधीपासून?"

"काल संध्याकाळी गाडी आणायला म्हणून गेला. म्हणाला, बर्फ वाढायच्या आत काढून आणतो."

"लावली कुठं होती?"

"मला काय माहीत? जागा दिसेल तिथं लावतो तो. वरच्या गल्ल्यांत कुठंतरी. आणि हे बघ, आज तरी त्याला हसू नको."

"मी कुठं हसतोय?"

"रोज हसतोस."

खरं होतं. हाल्वार माझा मेहुणा, पण बर्गनचा. तिथं बारा महिने पाऊस. आमच्याकडची पोरं पायात स्की घालून जन्मतात म्हणतात, हा गडी छत्री घेऊन जन्मलेला. स्कीला हातसुद्धा लावायचा नाही. म्हणायचा, "पायाला फळ्या बांधून पडायचं, त्यापेक्षा नुसतं पडलेलं काय वाईट? फळ्यांचे पैसे तरी वाचतात." मग आम्ही त्याला घोळक्यात घेऊन चिडवायचो. तोही चिडवून घ्यायचा.

यूरुनने ओळखीची सगळी घरं पालथी घातली होती. कुठंच नव्हता. म्हणजे गाडीतच असणार, आणि गाडी बर्फाखाली. गाडीत माणूस थंडीनं मरतो तो झोपेत मरतो. डोळा लागला की संपलं. हे तिलाही माहीत होतं, मलाही. मी तिला बंदराच्या अंगाला पाठवलं आणि स्कीला मेण घासून वरच्या गल्ल्यांकडे निघालो.

काय सांगू तुला, जन्म गेला या गावात, पण गाव ओळखू येईना. मी चाललो होतो माणसांच्या माळ्याच्या उंचीवरनं. दुकानांच्या पाट्या माझ्या गुडघ्याला लागत होत्या. चौकातला सिग्नल छातीशी आला होता, विझलेला, आंधळ्या डोळ्यासारखा. एका खिडकीत मेणबत्ती लावून म्हातारी बसली होती, आणि मला वरनं तिचा भांग दिसत होता. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. हात केला नाही. नुसतं पाहिलं.

आणि आवाज म्हणून नाही. बर्फ आवाज गिळतो बाबा. माझ्या स्कींची सुरसुरसुद्धा मला दुसऱ्याच कुणाची वाटायला लागली. अधनंमधनं पायाखाली पोकळ लागायचं. म्हणजे खाली गाडी. मी थांबायचो, काठी टपापर्यंत खुपसायचो, ठोकायचो, कान लावायचो. काही नाही. पुढची. काही नाही.

आता एक गोष्ट ध्यानात ठेव. डोंगरावरनं बर्फ कोसळून ज्यांना गाडलं आणि जे वाचले, ते सगळे एकच सांगतात. खालच्याला वरचं सगळं ऐकू येतं. वरच्याला खालचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. खालचा बोंबलून बोंबलून मरतो आणि वरचे त्याच्या डोक्यावर उभं राहून म्हणतात, इथं कुणी नाही, चला. म्हणून मी ऐकत होतो खरा, पण मनात काही आशा नव्हती.

तेवढ्यात आवाज आला. सुर्र... सुर्र... ठक.

पलीकडच्या गल्लीतनं. कुणीतरी स्कीवर होतं. आणि ते ठक म्हणजे काठीचं टोक पत्र्यावर आपटल्याचं. मला एवढं बरं वाटलं! म्हणलं, आणखी कुणीतरी शोधायला निघालंय. मोठ्यानं हाक मारली, "ओ भाऊ! हिरवी गाडी दिसली का कुठं?"

उत्तर नाही. सुर्र, सुर्र, ठक. जरा थांबून परत तेच. पुढं जाईना, लांबही जाईना. आजारी पोराच्या खाटेशी बाप येरझाऱ्या घालतो तसं.

मी कोपऱ्यावरनं वळलो.

गल्लीत कुणी नव्हतं. जुन्या लाकडी चर्चची ती गल्ली, उंच उतरत्या छपराखालची. छपरावरचा सगळा बर्फ खाली घसरून आलेला, भिंतीएवढा ढीग. वर नवा बर्फ पडून इस्त्री केल्यासारखा सपाट. त्याच्यावर स्कीचा माग नाही, काठीचं भोक नाही, पाखराचं पाऊल नाही. आणि मी पाहिलं त्या क्षणी आवाज बंद.

मी स्वतःलाच म्हणलं, आयलर्ट, वळ मागं. वळलोही होतो. पण यूरुनचं ते तोंड डोळ्यांपुढं आलं. तिला जाऊन काय सांगू? आवाजाला भ्यालो आणि तुझा नवरा तसाच ठेवून आलो?

गेलो ढिगाच्या मधोमध. काठी खुपसली.

ठण्.

मग मी काही बघितलं नाही. एक स्की काढली आणि तिचंच फावडं केलं. ओरडलो तशी समोरच्या खिडकीतनं दोघं नवरा-बायको फावडी घेऊन आली. हिरवा टप दिसला. काच फोडली. आत हाल्वार, पायपुसणी, नकाशे, सापडेल ते अंगावर गुंडाळून बसलेला. ओठ निळे, डोळे उघडे.

आणि मला बघून पहिलं काय बोलला? शिवी दिली.

"रात्रभर डोक्यावर नाचतोयस, हरामखोरा, आणि खणतोस आत्ता?"

"मी आत्ताच आलो रे!"

"थापा नको मारू. जरा डोळा लागला की तू हजर. सुर्र सुर्र, टपावर ठक. झोपू म्हणून दिलं नाहीस. तुला ओरडून घसा बसला माझा."

मी मागं वळून पाहिलं. कोपऱ्यापासून ढिगापर्यंत एकच माग होता. माझा.

यूरुनने त्याला आधी एक ठेवून दिली, मग मिठी मारली, मग सूप पाजलं. डॉक्टर म्हणाले, झोपला असता तर उठला नसता. तो बरा झाल्यावर त्या गल्लीतलं प्रत्येक दार ठोठावून आला. रात्री कोण होतं स्कीवर? कुणी नव्हतं. त्या मेणबत्तीवाल्या म्हातारीकडंही गेला. ती म्हणाली, "आवाज मला दरवर्षी येतो. यंदा पहिल्यांदाच कुणीतरी विचारायला आलं."

पुढं हाल्वारनं काय केलं माहितीय? स्की विकत घेतल्या. पन्नाशीला आलेला माणूस! तो हिवाळाभर नुसता पडत होता. आणि शिकल्यापासनं, मोठा बर्फ झाला की हा बाहेर. त्या गल्लीत गाडलेल्या प्रत्येक गाडीवरनं जाणार, परत येणार, टपावर काठी ठोकणार. लोक म्हणतात, बर्गनवाल्याचं डोकं फिरलं. मीही एकदा म्हणलं, "अरे, आत कुणी नसतं."

तर म्हणतो, "तुला कसं माहीत? वरच्याला कुठं ऐकू येतं?"



आज सकाळपासनं गेलाय. आता म्हातारा झालाय तोही. यूरुनचा दोनदा फोन येऊन गेला, आणि माझे गुडघे तर तू बघतोच आहेस. म्हणून तुला एवढी बडबड केली. तुझे पाय तरणे आहेत. दारामागं माझ्या स्की आहेत, घाल आणि चर्चच्या गल्लीत जाऊन ये. तिथं त्याचा माग दिसला तर हाक मार, म्हणावं, यूरुन सूप घेऊन वाट बघतेय. पण बर्फ सपाट असला, आणि तरी आवाज येत असला, तर हाका मारत बसू नको बाबा. फावडं घेऊन जा, आणि तिथंच खण.