भेगांचं मलम

धरणगावात थंडी पडली की सुंदरबाईच्या ओट्यावर बायका जमत. कपाशी वेचून, जिनात, म्हणजे कापूस-सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, सरकी उपसून त्यांच्या हातापायांना भेगा पडत. सुंदरबाई तिळाच्या तेलात मेण वितळवून मलम करी. पंधरा दिवसांत ते खवट होई, पण गल्लीत दुसरं नव्हतं. बायका 'मलमवाली अक्का' म्हणत, ते तिला फार आवडे.

एकोणीसशे चौतीसच्या पौषात धाकटा दीर लोटन जळगावहून आला. तिथे तो औषधांच्या दुकानात कामाला होता. बायकोसाठी, पुष्पासाठी, त्याने काचेची मोठी बरणी आणली होती. आत पांढुरकं, बिनवासाचं व्हॅसलीन.

"कसापासून करतस?" सुंदरबाईने विचारलं.

"दगडी तेलपासून, वहिनी."

"म्हंजे घासलेटना भाऊबंद! ते पायले लावानं?"

कुणी हसलं नाही. आठवड्यातच बायका पुष्पाच्या दाराशी दिसू लागल्या. पुष्पा मागेल तिला बोटभर देई. सुंदरबाईची जुनी मैत्रीण यशोदाबाईसुद्धा ओट्यासमोरून मान खाली घालून जाऊ लागली. ते पाहून सुंदरबाईला घास गोड लागेना.

एका दुपारी पुष्पा धुणं घेऊन नदीवर गेली. सुंदरबाईने तिच्या खोलीत शिरून बरणीतलं अर्धं व्हॅसलीन वाटीत काढलं. उकिरड्यावरच फेकायचं होतं. पण दाराशी थबकून तिने थोडं स्वतःच्या टाचेला लावलं. चालताना होणारी आग थांबली. ती तशीच चुलीपाशी गेली आणि आपल्या मेणात तिने ते वितळवलं.

"अक्का, यंदानं मलम भारी शे!" यशोदाबाई म्हणाली. ओटा पुन्हा भरला. पण प्रत्येक कौतुकासरशी सुंदरबाईला प्रश्न पडे, यातलं तिचं किती होतं?

मग एके दिवशी पुष्पा आली. वाटता वाटता तिची बरणी संपली होती, तिचेच हात उलले होते.

"अक्का, माले बी थोडं द्या." तिने बोटावर घेतलं, चोळलं. "एकलं व्हॅसलीन पुसाई जास. मेणमुळे टिकस."

सुंदरबाईचा चेहरा उतरला. "तुले माहीत व्हतं?"

"बरणी अर्धी दिसनी तधळच."

"मंग बोलनी काबर नही?"

"तुम्ही ओटावर एकल्या बसेल दिसनात. माले बरं नही वाटनं."

पुष्पा भांडली असती तर सोपं गेलं असतं. सुंदरबाईने मलमाची वाटी तिच्यापुढे ढकलली. "बठ्ठं तुनंच शे. ली जाय."

पुष्पाने वाटी उचलली नाही. ती चुलीपाशी बसली आणि उरलेलं मेण चिरू लागली.

दुसऱ्या दिवशी यशोदाबाईने पुन्हा कौतुक केलं. सुंदरबाई जमिनीकडे बघत म्हणाली, "अर्धं पुष्पानं शे. तिले न ईचारता मी लिन्हं व्हतं."

यशोदाबाई कौतुकाने शेजारी मेण चिरत बसलेल्या पुष्पाकडे वळली, तिचे उललेले हात हातात घेऊन बघू लागली. यशोदाबाई ओटा टाळू लागली तेव्हाचा हेवा सुंदरबाईच्या मनात पुन्हा जागा झाला. तो कुणाला दिसू नये म्हणून खाली वाकून ती मलम घोटत राहिली.