पहिल्या पाळीची गाडी

हिवाळ्यातलं ऊन आमच्या ओट्यावरून हळूहळू उतरतं आणि दुपार कलली की फाटकाच्या पायाशी जाऊन बसतं. आमच्या ह्यांचं घरी येणं मला कायम त्या उन्हासारखं वाटत आलं. रोजचंच, तरी रोज त्याच्याकडे तोंड करून बसावं असं. आधी दूर कोपऱ्यावर मोटारसायकलचा आवाज यायचा. गतिरोधकावर ती एकदा खोकायची, घोट गिळल्यासारखी गप्प व्हायची आणि मग धडधडत आमच्या गल्लीत शिरायची. तो खोकला कानावर पडला की घरभर पसरलेली मांजरं एकदम जागी व्हायची आणि फाटकाकडे पळायची.

चार मांजरं आहेत आमच्याकडे. आणलेलं एकही नाही, सगळी आपल्या पायांनी आली. माझं माहेर भाजीच्या मळ्यातलं, म्हणून नावंही मला तीच सुचली. पांढरी गुबगुबीत ती फ्लॉवर, काळाभोर बोका तो वांग्या, तांबडा गाजऱ्या आणि हिरव्या डोळ्यांची सडपातळ भेंडी. फ्लॉवरला गव्हाच्या कोठीवरची जागा लागते, वांग्याला खिडकी. गाजऱ्या जो झोपेल त्याच्या अंगावर झोपतो. भेंडी कुठे झोपते ते आजवर कुणाला कळलेलं नाही. सकाळी गॅस पेटायच्या आधी चौघं माझ्या पायांत अशी घोटाळतात की वाहत्या पाटात उभं राहिल्यासारखं वाटतं.

"तुझ्या बापाचा मळाच आणला की हितं," हे म्हणायचे. "उद्या मिरची आन, कोथिंबीर आन. दुकानच टाकू."

ह्यांनी मांजरांना कधी नावानं हाक मारली नाही की जवळ घेतलं नाही. सातपूरच्या कंपनीत सगळा जन्म गेला आणि शेवटची वर्षं कायम पहिली पाळी. अंगाला लोखंडाचा नि तेलाचा वास घेऊन ते यायचे, ओट्यावर बसून बूट काढायचे आणि पाय लांब करायचे. तो पाय मात्र गरजेपेक्षा जरा जास्त वेळ लांब राहायचा. तेवढ्यात चौघं त्याला अंग घासून घ्यायची. हेल्मेट ते उलटं ठेवायचे, भेंडी त्यात जाऊन बसायची. "ऊठ गं बये," म्हणायचे, पण दुसऱ्या दिवशी हेल्मेट पुन्हा उलटंच. मी दारातून बघत असे. त्या माणसाची माया ही अशी, आपल्याला कुणी पाहिलं नाही याची खात्री करून मग बाहेर येणारी.

दिवाळीच्या आधी ते रिटायर झाले. मनमाडहून लेक आली आणि त्यांच्या गुडघ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, आता किक मारणं पुरे." तिनं बॅटरीची स्कूटर घ्यायला लावली. जुनी गाडी मागच्या गल्लीतल्या विलासनं नेली. तो ह्यांच्याच कंपनीतला, ह्यांच्याच पाळीचा. गाडी गेली त्या दिवशी ह्यांनी तिची सीट हातानं पुसली, आणि तोच हात बराच वेळ पँटला पुसत राहिले.

नव्या स्कूटरला आवाजच नाही. पहिल्या दिवशी हे मंडईतून आले, फाटक उघडलं, आत आले, आणि ओट्यावर कुणी नाही. बूट काढले, पाय लांब केला. पाय तसाच राहिला.

"कुठं गेली तुझी मंडई?"

"झोपलीत," मी म्हणाले.

"झोपू दे." पाय त्यांनी आत घेतला.

मग त्यांचे उपाय सुरू झाले. हॉर्न वाजवून बघितला, तर चौघं पलंगाखाली. फाटकाची कडी आपटून बघितली, तर शेजारच्या अलकाताईच बाहेर आल्या. "भाऊ, कोणी आलंय का?" "मीच आलोय, मीच," हे म्हणाले आणि घाईनं आत शिरले. एकदा सुकट आणली, तेव्हा मात्र चौघं धावली. ह्यांचा चेहरा उजळला, पण मांजरं गेली ती सरळ पिशवीकडे. "पिशवीला भेटतात ती, मला नाय," ते म्हणाले. हसले. पण नंतर चहा पिताना हळूच बोलले, "माणूस घरात आला काय, न आला काय. कुणाला पत्ताच लागत नाय आता."

ते मांजरांविषयी बोलत नव्हते, मला कळलं. काहीतरी बोलावं असं फार वाटलं. पण माझ्या मनातलं तोंडापर्यंत येता येता गॅस पेटवायची, भाकरी उलटायची वेळ होते. मी कपात अजून थोडा चहा ओतला.

मग पौषातली एक दुपार आली. अशी थंडी की ऊन अंगावर ओढून घ्यावं. हे ओट्यावर गुडघा शेकत बसलेले, मांजरं आजूबाजूला लोळलेली, गाजऱ्या अर्धा फ्लॉवरवर. आणि कोपऱ्यावर गाडी खोकली.

आठ कान उभे राहिले. क्षणात चौघं उठली आणि ह्यांच्या मांडीला वळसा घालून फाटकाकडे पळाली. तिथे शेपट्या पायांभोवती गुंडाळून, माना उंच करून ओळीनं बसली. ह्यांच्याकडे पाठ करून ह्यांचीच वाट बघत. विलास होता; त्याचा नेहमीचा मागचा रस्ता त्या दिवसापासून खणायला घेतला होता. तो हात हलवून पुढे गेला, गाडीचा आवाज मागच्या गल्लीत विरला, तरी चौघं हलेनात.

हे बघत राहिले. एवढी वर्षं ते फाटकाच्या बाहेरून आत येत होते. आपली वाट कशी बघतात, हे आतून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"अरे, मी हितं हाय ना!" ते ओरडले. आणि मग जन्मात पहिल्यांदा, "ए फ्लॉवर! वांग्या! गाजऱ्या! भेंडे, अगं हिकडं बघ!"

एकानंही मान वळवली नाही. हे इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मांजरं मला दाखवायला म्हणून वळले, तर मी आत गॅसपाशी, आणि भांड्यात चहाचं आधण उकळत होतं.

"आत्ता तर पिला चहा. हा कुणाला गं?"

माझ्या हातात साखरेचा डबा होता. आधण कधी ठेवलं ते मला आठवेना. गाडी खोकली आणि हात आपला आपण गेला, जसा रोज जात आला होता.

"तू पन?" ते म्हणाले.

मी पदर सावरला आणि आलं किसायला घेतलं. ते आत आले आणि फळीवरून दोन कप काढले. तो दुसरा चहा आम्ही दोघांनी घेतला. चांगला झाला होता.

आता रोज दुपारी चपला घालून हे कोपऱ्यापर्यंत चालत जातात. "गुडघ्याला चालणं बरं," म्हणतात. विलास येतो, गतिरोधकापाशी थांबतो. "बसा काका, तुमचीच गाडी." आणि माझा नवरा आपल्याच जुन्या गाडीवर मागे बसून, रुबाबात, आपल्या फाटकापाशी उतरतो. आत चौघं हजर असतात. बूट नसले तरी पाय लांब होतो.

कधीतरी तीही गाडी बंद पडेल. फाटकाशी कुणी उतरणार नाही अशीही एखादी दुपार येईल, कुणाच्या वाट्याची ते कुणाला ठाऊक. पण ऊन उतरून तिथे बसेल तेव्हा या घरातले कान उभे राहतील आणि आधण उकळू लागेल. आलेलं माणूस एकदाच घरात येतं, वाट पाहिलेलं रोज येत राहतं.