रास्पबेरीच्या अंगावर सलूनचं कापड

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही जरा पुढे सरका, गोष्ट खांद्याला खांदा लावून ऐकली म्हणजे अंगी लागते. आज एका फळाची गोष्ट सांगते. थंड मुलखात हे फळ कुंपणावर फुकट लागतं म्हणे. आपल्यासारख्या भाजून काढणाऱ्या उन्हात ते येतच नाही, असं सगळे शहाणे सांगतात. आता सगळे शहाणे एकदम तेच सांगायला लागले, की देवालाही गंमत करायची लहर येते. त्या लहरीचीच ही गोष्ट.

एक घर होतं. घरात माणसं तीन. मुलगा फरशी बसवणारा. त्याच्या हातची फरशी अशी, की मोरीत सांडलेल्या पाण्याला वाट विचारावी लागत नसे. सून शिवणकाम करायची. पुढच्या खिडकीशी तिचं मशीन, मशीनखाली चिंध्यांचा ढीग, आणि दातांत कायम एक टाचणी. तिसरे सासरे. त्यांचं नाव विचाराल तर गल्लीत कुणालाच सांगता आलं नसतं. सगळे त्यांना सलूनवाले बाबा म्हणत. उभा जन्म त्यांनी लोकांच्या मानेवर पांढरं कापड बांधलं आणि कात्री चालवली. मग एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या कानाशी त्यांचा हात थरथरला. लागलं काहीच नाही, गिऱ्हाइकाला कळलंसुद्धा नाही. पण बाबांना कळलं. त्याच संध्याकाळी त्यांनी आरसे उतरवले, कापडांची गाठोडी बांधली आणि दुकान बंद केलं. तेव्हापासून मागच्या दारी खुर्ची टाकून बसायचे. घरातलं केरसुणीचं काम मागितलं तरी सून म्हणायची, "राहू द्या हो बाबा." आणि बाबा राहू देत. काम नसलेलं माणूस फार आज्ञाधारक होतं, बघा.

या घराच्या मागे मातीचा एक पट्टा होता. एका टोकाला मागचं दार, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी आणि टाकीमागे शेजारणीची भिंत. त्या पट्ट्यात सुनेने ब्लॅकबेरी आणि रास्पबेरी लावल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू. रोपवाटिकेवाला भला माणूस. थंडी कमी पडली तरी चालेल अशी जात त्याने निवडून दिली आणि चार गोष्टी समजावून सांगितल्या. "ब्लॅकबेरीची फांदी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मग वाळते. म्हणून थंडीत जुन्या वाळलेल्या काढायच्या, ताज्या जपायच्या. ही रास्पबेरी मात्र उलटी. ही नव्या फांदीवरच फळते, तिला थंडीत जमिनीलगत सफाचट करायचं. आणि बाई, दुपारच्या उन्हाला सांभाळा. सकाळचं ऊन तिला आई, दुपारचं ऊन सावत्र."

पहिल्या उन्हाळ्यात सावत्र उन्हाने आपला प्रताप दाखवला. रास्पबेरीची पानं कडेने करपली, हात लावला की कागदासारखी वाजायची. जी मोजकी फळं धरली, त्यांचे दाणे उन्हाच्या बाजूने पांढरेफटक पडले. ब्लॅकबेरी वाढली खरी, पण फळ नाहीच. वर काट्यांनी टाकीवरचं फडकं फाडलं. त्यात एक दिवस पाणी घातलेल्या चिखलात बाबांचा पाय घसरला आणि ते टाकीला धरून कसेबसे उभे राहिले. फरशीवाल्याने ते पाहिलं.

रात्री जेवताना तो म्हणाला, "पुरे झालं. मी मागे फरशी घालतो. खरखरीत घालतो, बाबा घसरणार नाहीत."

"आणि माझी झाडं?" सून म्हणाली.

"झाडं? अगं, बाहेर विस्तवाचा पाऊस पडतोय आणि तुला बर्फातलं फळ हवंय. नुसते काटे पोसतेस. बाबांचा खुबा मोडला तर कुठली बेरी लावू त्याला?"

नवरा चुकीचं बोलत नव्हता, हे तिलाही कळत होतं. बाबा ताटात बघत म्हणाले, "एक मोसम आणखी बघ की रे."

बापाने काही मागितलं होतं, ही गोष्ट इतकी दुर्मिळ, की फरशीवाला उठला आणि कपाटातून बाबांची जुनी पितळी वाटी घेऊन आला. दाढीच्या साबणाचा फेस करायची वाटी ती. बायकोच्या ताटाशेजारी ठेवून म्हणाला, "ही वाटी. पुढचा उन्हाळा संपायच्या आत ही शीग लावून भरून दाखव. नाही भरली तर फरशी घालणार, आणि तू रुसायचं नाहीस."

"आणि भरली तर?"

"भरली तर फरशीचा शब्द काढणार नाही. निदान घरात."

"वाटी आधी घासून घेते," सून म्हणाली. "तुमच्या तोंडाचा काय भरवसा, साबणासकट खाल."

झालं. पैज लागली. आता गोष्टीतला अवघड चढ आहे, जरा सावरून बसा.

थंडी आली. सुनेने ब्लॅकबेरीच्या ताज्या फांद्या, ज्या येत्या मोसमात फळणार होत्या, एकेक करून निवडल्या. विसरायला नको म्हणून प्रत्येकीच्या बुडाशी, मातीलगत, लाल चिंधी बांधली. वर बांधली असती तर काट्यांनी फाडली असती. लाल म्हणजे जपायची. रविवारी निवांत छाटणी करू म्हणून ती एका लग्नाच्या कपड्यांचं माप घ्यायला गेली.

बाबा मागच्या दारी बसले होते. त्यांनी त्या चिंध्या पाहिल्या. आता तुम्हीच सांगा, शिंपिणीच्या घरात इतकी वर्षं राहिलेल्या माणसाला खुणेचा अर्थ काय कळणार? सुनेने खडूने रेघ मारली, की तिथे कात्री चालते. टाचणी लावली, की तिथे कात्री चालते. या घरात खूण म्हणजे कात्रीची जागा! बाबांच्या मनात आलं, पोर दमलेली असते. एवढं काम तरी तिच्या हातचं कमी करू. त्यांनी छाटणीची कात्री घेतली, गुडघ्यावर बसले, आणि दुकान बंद केल्यानंतर पहिल्यांदाच हात कामाला लावला. एकेक लाल चिंधी बघून, खुणेवर नेमकी, मातीलगत फांदी कापली. हात जरासुद्धा हलला नाही. मग कापलेल्या फांद्यांची नीट मोळी बांधली, जमीन झाडली आणि सुनेची वाट बघत बसले. परीक्षेत पहिला आलेला पोरगा बसतो ना, तसे.

सून आली. मोळी पाहिली. तिच्या हातातली मापाची फीत खाली पडली.

"बघ, तुझं काम केलं," बाबा म्हणाले. मग तिचं तोंड पाहून म्हणाले, "चुकलं का काही?"

तिला खोटं बोलता आलं असतं. पण रोपवाटिकेवाल्याचं बोलणं तिने तेव्हाच नवऱ्यालाही सांगितलेलं होतं, खोटं तासाभरात उघडं पडलं असतं. ती खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, चिंधी बांधलेल्या ठेवायच्या होत्या."

बाबांनी कात्री जपून जमिनीवर ठेवली, अशी, की पुन्हा कधी उचलायची नाही. आणि हात दोन्ही काखांत दाबून घेतले, जणू ते हातच कुणी काढून नेतंय.

इथे मंडळी, क्षणभर थांबा. याच जागी माणसाचं घर मोडतं किंवा उभं राहतं. सुनेला रडू येत होतं, रागही येत होता. ब्लॅकबेरीचा मोसम गेला होता. पुढे उभी होती ती रास्पबेरी, तीच नाजूक, जी गेल्या वर्षी भाजून निघाली होती. सुनेने त्या काखांत दडवलेल्या हातांकडे पाहिलं. मग मोळीकडे पाहिलं. एकही काप वेडावाकडा नव्हता, एकही फांदी चिरफळलेली नव्हती. तिने कात्री उचलली, पदराला पुसली आणि बाबांपुढे धरली.

"बाबा, या रास्पबेरीची हजामत बाकी आहे. हिला मात्र खरंच सफाचट करायचंय. माझ्याच्याने इतकं साफ व्हायचं नाही."

"मी? आता पुन्हा मी?"

"मग काय बाहेरून माणूस बोलवू, घरात सलूनवाला असताना?"

बाबांनी हात काढले. गिऱ्हाईक बसवताना दुकानात जे गुणगुणायचे, ते स्वतःचंच जोडलेलं कडवं त्यांच्या ओठांवर परत आलं: "देणाराचे हात मोठे, माझी ओंजळ सान, माथा पुढे केला देवा, तूच राख मान." आणि रास्पबेरीची हजामत झाली.

फरशीवाल्याला कळलं तेव्हा तो हसला नाही, हे त्याच्या नावावर मांडून ठेवा. एवढंच म्हणाला, "वाटी तीच आहे हां."

थंडी ओसरली आणि मातीतून कोंब आले. सुनेने बुडाशी गवताचा जाड थर पसरला, पाणी सकाळीच आणि मुळाशीच घातलं. कोंब वाढले, कळ्या आल्या, आणि पाठोपाठ ऊन आलं. एके दुपारी बाबांनी पाहिलं, शेंड्याची पानं माना टाकतायत. ते आत गेले आणि दुकानाचं गाठोडं सोडून पांढरी कापडं घेऊन आले. मऊ, पातळ, शेकडो धुण्यांनी विरत आलेली.

"सूनबाई, ही जोडून देशील?"

"कशाला?"

"उन्हात बसलेलं गिऱ्हाईक आहे गं. अंगावर कापड नको?"

सुनेचं मशीन धडधडलं. फरशीवाल्याने कुरकुरत का होईना चार काठ्या उभ्या केल्या, आणि काठ्यांना ओळंबा लावल्याशिवाय त्याला राहवलं नाही. सकाळी कापड गुंडाळलेलं, म्हणजे मधमाश्यांना फुलं मोकळी. ऊन डोक्यावर यायला लागलं, की बाबा झटकून कापड पसरत, टोकं बांधत आणि म्हणत, "हं, आता मान हलवू नका." गल्लीतली माणसं भिंतीवरून डोकावत. कुणी विचारी, "काय बाबा, दुकान पुन्हा उघडलं?" बाबा म्हणत, "हो. पण इथलं गिऱ्हाईक तुमच्यासारखं उधार ठेवत नाही."

आणि गिऱ्हाइकाने खरंच उधार ठेवलं नाही. फळं धरली, फुगली, लाल झाली. त्या कापडाखाली एकही दाणा पांढरा पडला नाही.

तोडायची वेळ आली तेव्हा सून ओढू लागली, तर फळ हातात चुरगळलं. बाबा म्हणाले, "ओढायचं नाही गं. नुसतं विचारायचं." त्यांनी दोन बोटांनी फळाला स्पर्श केला. जे पिकलं होतं ते आपोआप सुटून तळव्यात आलं, आतून पोकळ, सुनेच्या अंगुस्तानासारखं. जे आलं नाही, त्याला म्हणाले, "बरं, उद्या." तोच थरथरणारा हात, बघा. फळ काढताना ती थरथर जणू फळाला हाक मारत होती.

फरशीवाला कामावरून आला. वाटी टेबलावर होती. भरलेली नव्हे, शीग लागलेली. एक फळ वरून घरंगळलं ते त्यानेच झेललं. सवयीने त्याने वाटी सपाट ठेवली आहे की नाही, तेही पाहिलं.

"साबण धुतलाय ना?"

"खा आणि बघा," सून म्हणाली.

त्याने खाल्लं. लगेच दुसरं उचललं. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारणीची हाक आली. पाव भाजण्याचा त्यांचा धंदा, म्हणून त्या सगळ्यांच्या पाववाल्या काकू. "अगं ए शिंपीणबाई! तुमचं काटेरी कारटं माझ्या अंगणात आलंय गेल्या सालापासून. रोज माझी बाही ओढतं!"

"कापून टाका काकू!" फरशीवाला ओरडला.

"कापणारच होते. तर मेल्याला फुलं आली. फूल आलेल्याला मी हात लावत नाही. आता हे घ्या, तुमचं तुम्हाला!" आणि भिंतीवरून पिठाच्या हाताने एक डबा पुढे झाला. डब्यात ब्लॅकबेरी, काळ्याभोर, तकतकीत.

सून टाकीमागे धावली. टाकीच्या आडून, भिंतीच्या भोकातून एक फांदी पलीकडे निसटली होती. ती सुनेला दिसली नव्हती, म्हणून तिला चिंधी नव्हती. आणि चिंधी नव्हती, म्हणून बाबांची कात्री तिच्यापर्यंत पोचली नव्हती! सून खाली बसून हसायला लागली. बाबा हसायला लागले. काकूंना काही कळेना, तरी त्याही भिंतीपलीकडून हसल्या. त्या संध्याकाळी काळं आणि लाल एकाच वाटीत कालवून गल्लीने खाल्लं.

फरशीवाल्याने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन त्याने मागच्या दारी कामाला सुरुवात केली. सून धावत बाहेर आली.

"अहो! शब्द दिला होतात!"

"फरशीचा शब्द काढला का मी? हे दगड आहेत." खरखरीत दगडांची एक पायवाट तो बसवत होता, झाडांच्या दोन रांगांमधून, खुर्चीपासून टाकीपर्यंत. सिमेंट नाही, फटी मोकळ्या, माती श्वास घेईल अशा. बाबांच्या पावलाएवढ्या अंतरावर एकेक दगड. बाबांनी त्यावर पाय ठेवला, दाबून पाहिला, आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "केस वाढलेत रे तुझे."

"मग कापा की," फरशीवाला म्हणाला आणि तिथेच दगडावर मांडी घालून मान पुढे केली.

बाबांनी रास्पबेरीवरचं कापड सोडलं, झटकलं आणि मुलाच्या मानेभोवती बांधलं.

तर मंडळी, गोष्ट संपली, पण उठण्याआधी एक मागणं. कधी असं एखादं मऊ, आंबटगोड फळ तुमच्या हाती आलं, तर तोंडात टाकण्यापूर्वी त्या सलूनवाल्या बाबांना आठवा. आणि तुमच्या घरात कुणी हात काखांत दाबून बसलं असेल, तर त्यांच्यापुढे कात्री धरायला विसरू नका.